रंगरावांचं ‘नाही’

रंगरावांचं खरं नाव वेगळंच. पण कुठलीही गोष्ट रंगवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून दुकानातल्या मंडळींनी त्यांचं रंगराव केलं, आणि ते इतकं चिकटलं की बायकोसुद्धा चिडली की तेच म्हणायची. कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानात ते गाद्या विकायचे, तेही काचेजवळच्या गादीवर स्वतः आडवं पडून. “ह्या गादीवर झोपलेल्या माणसाला गजर ऐकू येत नाही. आमच्या मालकांच्या दोन नोकऱ्या हिच्यापायी गेल्या,” असं खुशाल ठोकून द्यायचे, आणि मालक शेजारी मान खाली घालून उभे असायचे. गिऱ्हाईक हसायचं, आणि एकदा हसलं की गादी घेऊनच जायचं.

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. नवऱ्याच्या बोलण्यातलं पाणी काढून टाकायला ती केव्हाच शिकली होती. दहा पाहुणे येणार असं त्यांनी सांगितलं की ती चार कप चहा टाकायची, आणि तेवढा पुरायचा.

एक दिवस माळ्यावरून उशांचा गठ्ठा काढताना शिडी सरकली आणि रंगराव खाली आले ते थेट फरशीवर. गाद्यांची चळत हातभर अंतरावर होती. कणा मोडला. कमरेखालचं सगळं गेलं, हालचालही आणि जाणीवही. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं काय म्हणाले असतील? “गाद्यांच्या दुकानात फरशीवर पडणारा मी जगातला पहिलाच.” बायको हसली, मग बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली.

त्याच रुग्णालयात पेशींचा एक प्रयोग सुरू होता. कमरेच्या हाडातली मज्जा काढायची, तिच्यातल्या हव्या त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि कण्याला जिथे मार बसला आहे तिथे सुईने सोडायच्या. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हा उपचार म्हणून धरू नका, गुण येईलच असं नाही, म्हणाले. सहा महिन्यांनी तपासणी होणार होती. पायांत पुरेशी नवी जाणीव दिसली तर दुसरा डोस, नाहीतर तिथेच थांबायचं. रंगराव तयार झाले. पहिला डोस मिळाला तेव्हा ते वॉर्डभर सांगत सुटले, “पेशी माझ्याच आहेत, म्हणजे तोंडाचा पट्टा चालवण्यात पक्क्या असणार. झोपलेल्या नसांनाही गादी विकून येतील.”

सहा महिने गेले. तपासणीच्या दिवशी बायकोचा भाऊ सकाळीच घरी आला. दाजींवर त्याचा जीव होता, आणि त्यांच्यासाठी त्याने डोकं चालवलं होतं.

“दाजी, डोळे मिटून विचारणार आहेत. टोचतंय का, नुसतं लागतंय का, की काहीच नाही. चार ठिकाणी हो म्हणा, दुसरा डोस पक्का. कोणाला कळतंय? ताई तिथेच कोपऱ्यात बसणार. ताई, पिन लागली की तू जरा खोक.”

“अरे, हे मला शिकवतोस?” रंगराव म्हणाले. “जन्मभर दुसरं काय केलंय मी!” आणि त्यांनी डोळा मारला.

बायकोने पिशवी भरायला घेतली. खोटं बोलू नये एवढं तिला कळत होतं. पण दुसरा डोस हवा होता. पुन्हा उभा राहिलेला नवरा हवा होता. त्यासाठी एक खोकला फार झाला का? टॅक्सीत ती हेच स्वतःला विचारत राहिली.

तपासणीची खोली लहान होती. एक उंच पलंग, एक स्टूल, खिडकीला जाड पडदा. फिजिओथेरपिस्ट मुलगी शांत आवाजाची होती. तिने आधी रंगरावांच्या गालाला पिनेचं टोक लावलं, मग पिनेची बोथट बाजू. “हे टोचणं, हे नुसतं लागणं. खाली असंच वाटतं का, ते सांगायचं. आता डोळे मिटा.” बायकोला तिने सांगितलं, “तुम्ही बसा, पण बोलायचं नाही हं.”

छाती झाली, पोट झालं. तिथे रंगराव पटापट सांगत होते. बेंबीच्या खाली पिन उतरली आणि खोलीत एकच शब्द ऐकू येऊ लागला.

“नाही.”

मांडी. “नाही.” गुडघा. “नाही.” पिनेने कातडी दबलेली बायकोला दिसत होती. तिच्या नवऱ्याच्याच पायाची कातडी, आणि त्याला पत्ता नाही. पिन उजव्या नडगीवर टेकली तेव्हा तिला राहवलं नाही. ती खोकली.

मुलीने मान वळवून पाहिलं. रंगरावांचे डोळे मिटलेलेच होते. ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं.

“अगं, पाणी पी,” ते म्हणाले. आणि मग मुलीला म्हणाले, “नाही. काहीच नाही.”

बायकोने पदराचा बोळा तोंडाशी धरला. लाजेने कान तापले होते. हा माणूस! साधा भाजीचा भाव विचारला तरी पदरचे दोन रुपये वाढवून सांगणारा हा माणूस!

उजवा पाय संपला. डावा सुरू झाला. नाही, नाही, नाही. पिन टाचेच्या कडेला आली.

“थांबा,” रंगराव म्हणाले. “परत करा.”

मुलीने पिन टाचेजवळ नेली, पण टेकवली नाही. “आता?”

“आता नाही.”

मग टेकवली.

“आता आहे. टोचत नाहीये. कोणी बोट ठेवावं तसं आहे.”

मुलीने कधी लावून, कधी न लावता पुन्हा पुन्हा विचारलं. रंगराव एकदाही चुकले नाहीत. “इथे पूर्वी काही नव्हतं,” ती हसून म्हणाली. पण दुपारी निकाल सांगताना तिने गोड करून सांगितलं नाही. तेवढी एक जागा दुसऱ्या डोसला पुरेशी नव्हती. ती जागा पेशींमुळे जागी झाली की आपसूक, हेही आज कोणी सांगू शकत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात भाऊ उसळला. “दाजी, जन्मभर थापा मारल्यात, आणि जिथे एक थाप कामाला आली असती तिथेच तोंडाला कुलूप? अजून तीन ठिकाणी हो म्हणायला काय गेलं असतं तुमचं?”

रंगरावांनी चाकाच्या खुर्चीचा ब्रेक लावला.

“हे बघ, मी गादी खपवतो. गिऱ्हाईक घरी जाऊन झोपून बघतं. पाठ दुखली तर मला शिव्या घालत परत आणतं. पण उद्या माझ्या ‘हो’वर विसंबून दुसऱ्या कोणाच्या कण्यात सुई जाणार. ती सुई तो माणूस कुठे परत आणून देणार?”

भाऊने डोळे पुसले. मग नाक ओढत म्हणाला, “गाडी बघतो,” आणि लगबगीने निघून गेला.

“डोस गेला,” रंगराव बायकोला म्हणाले. “तुला वाईट वाटलं असेल.”

“वाटलं ना. खूप वाटलं,” ती म्हणाली. “आणि तुमच्याशी लग्न केलं म्हणून आज मान जेवढी ताठ आहे, तेवढी कधी नव्हती.”

तपासणीसाठी काढलेले मोजे तिच्या पिशवीत होते. ती खाली बसली. उजव्या पायात मोजा चढवला. डावा चढवण्यासाठी टाचेखाली हात घातला. रंगराव दाराकडे, भाऊ गेला त्या दिशेला बघत होते.

“आहेस,” ते म्हणाले.

तिने खरं का म्हणून विचारलं नाही. हात तसाच ठेवून ती गाडी येईपर्यंत बसून राहिली.