शेजाऱ्यांच्या छपरांवरचे काळे ओघळ

चाकणच्या पुढे, टेकडीच्या पायथ्याशी आमची बंगल्यांची कॉलनी आहे. सगळ्यांची छपरं सारखी, उतरती, परदेशी धर्तीची. कौलं नव्हेत, डांबराचे पातळ तुकडे आणि त्यांवर चिकटवलेली बारीक रंगीत खडी. त्यांना शिंगल्स म्हणतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात या छपरांखाली माणसं बागेत बसून हसत होती. प्रत्यक्षात शनिवारी येतात, रविवारी संध्याकाळी कुलूप लावून जातात. कायमची राहणारी मी एकटीच. निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून यांनी बंगला घेतला. पुढे हे गेले आणि ती सगळी शांतता माझ्या वाट्याला आली. फार एकटं वाटतं इथे, उगाच कशाला लपवू?

काही पावसाळे गेले आणि छपरांवर काळे ओघळ दिसू लागले. जिथे ऊन पोचत नाही त्या उत्तरेच्या उतारावर, रडल्यावर काजळ गालावर उतरतं तसे. मालक आठवडाभर नसतात, तेव्हा बघणार कोण? मीच. समोरच्या बंगल्याचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला, "आपल्या छपरावर काळं आलंय." आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी, चक्क मंगळवारी, दारात गाडी वाजली!

समोरच्यांचं चिखलीत वर्कशॉप आहे. दोघं नवरा-बायको आले होते. नवऱ्याने कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि निकाल दिला, "ह्यो कंपन्यांचा धूर हाय काकू. दुसरं काय न्हाई."

पुढच्या खेपेला त्यांनी वर्कशॉपमधला गाड्या धुवायचा जेट पंपच आणला. ट्रक धुवावा तसं छप्पर धुतलं. ओघळ गेले, पण खडीही सुटली आणि चहाच्या चोथ्यासारखी पन्हाळीत साचली. तो धूर नव्हता, शेवाळ होतं, हे मागाहून कळलं. बायकोने त्यांना असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. मला मात्र आतून आनंदच झाला होता, कारण त्या गोंधळात दोघं जेवायला थांबले. किती दिवसांनी मी तिघांचं पिठलं टाकलं.

मग मला नादच लागला. रोज सकाळी कॉलनीत फेरी मारायची, जरा काळं दिसलं की फोटो. कधी ती नुसती फांदीची सावली असायची, तीही पाठवली. लोक यायचे, माना वर करून बघायचे, मग माझ्या ओट्यावर चहा. निमित्त शेवाळाचं, पण गप्पा तर खऱ्या होत्या ना!

यंदा सगळ्यांनी मिळून एका एजन्सीला काम दिलं. ते ड्रोनने छपरांचे फोटो काढणार, औषध फवारणार. मालकांनी यायची गरजच नाही. "आता काकूंना त्रास नको," असं कुणीतरी ग्रुपवर लिहिलं. त्रास म्हणे!

एजन्सीची माणसं आली, फवारणी करून गेली. संध्याकाळी फवारणीआधीचे फोटो ग्रुपवर आले. एकेक छप्पर मी न चुकता ओळखलं. एक तेवढं ओळखू येईना. अर्धं छप्पर काळंकुट्ट, इतर सगळ्यांपेक्षा वाईट. फोटो मोठा करून पाहिला तर मागच्या अंगणात दोरीवर माझी निळी साडी वाळत होती.

इतकी माणसं माना वर करून छपरं बघून गेली, माझ्याच दारात चहा पिऊन गेली, आणि माझ्या छपराकडे एकदाही कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच फोटोखाली समोरच्यांचा मेसेज आला, "हा बंगला कुणाचा राव? बंदच असतो वाटतं."

"माझा आहे," मी लिहिलं. "मी इथेच राहते."