हेडर म्हणतो सुरक्षित, पण लावला कोणी?

मंडळी, आज माझा हेडरवरचा विश्वास उडाला.

आमच्या साईटसमोर प्रॉक्सी, म्हणजे मधला सर्व्हर, आहे. आलेल्या रिक्वेस्टवर तो 'कनेक्शन सुरक्षित' असा हेडर, म्हणजे माहितीची चिठ्ठी, लावतो, साईट तो निमूट मानते. मला शंका आली. प्रॉक्सी टाळून, साध्या, कुलूप नसलेल्या http वरून, तोच हेडर मी स्वतः लावून पाठवला.

लॉगिन झालं! पासवर्ड उघडाच गेला.

सहकारी प्रवीण म्हणाला, "हेडर आहे ना? मग शंका कायले घेऊन राहिली?"

दुपारी त्याच्यासोबत मोहाडीच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "तांदूळ जुना हाय, भाऊ." त्याचं बोलणं संपायच्या आत प्रवीणनं दाणा दाताखाली फोडला.

"अन् हेडर?" मी विचारलं.



तुमची साईट कोणाच्या शब्दावर चालते?