गाळ कुणाचा

पहिली लाथ कमरेत बसली तेव्हा गाळाने भरलेली नळी मी दोन्ही हातांनी छातीशी धरून होतो. नळी आडवी झाली की थर मिसळतात, नमुना वाया जातो, एवढं मॅडमनी शिकवलेलं. म्हणून पडलो तोही पाठीवर, नळी उभी धरून. दुसरी लाथ बरगडीत बसली आणि नळी फुटलीच.

मी गडचिरोलीकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. तळ्यांच्या मातीचा अभ्यास करणाऱ्या मॅडमनी बारामतीत काम दिलं, खोली बघून दिली. त्यांचे उपकार रोज मानायचो, आणि हे उद्या जाईल म्हणून रोज भ्यायचो. त्या दिवशी इंदापूरकडच्या पावसाळी तळ्यावर मी आणि जीप चालवणारे चाचा, दोघंच होतो.

तळं आटलं की तिथले शेतकरी गाळ काढून ट्रॉलीने रानात टाकतात. नमुन्यांच्या जागा कळाव्यात म्हणून मी तिथे चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या. जवळच्या लोणी देवकरला कारखाने आल्यापासून चुन्याची खुंटी दिसली की लोक एकच समजतात: कारखान्यासाठी जमीन मोजायला आले.

"कुणी धाडलं तुला? बोल, न्हायतर हितंच गाडतो!" एका तरण्या गड्याने फावड्याचं पातं माझ्या गळ्यावर टेकवलं.

"मोजणी नाही जी. फॉस्फरस पाहतो."

"फॉस्फरस पाहतोय म्हणं! दुर्बीण आणलीस का?"

चाचा धावत आले. गाळ न्यायला जमलेल्यांत एक म्हातारे होते, त्यांच्या पाया पडायला वाकले. "आबा, तुमी तरी ऐका. परमुलखातलं लेकरू हाय."

"थांब रं," आबा त्या गड्याला म्हणाले. "बोलू दे त्येला."

जीव वाचवायला मी माहीत होतं ते सगळं ओकलो. उसाला टाकलेल्या डीएपी खतातला फॉस्फरस पावसात मातीबरोबर वाहून येतो, तळाशी बसतो. तळं भरलेलं असलं की खाली हवा पोचत नाही, मातीतलं लोखंड धरलेला फॉस्फरस सोडतं, पाणी हिरवं होतं. तळं सुकलं की लोखंड पुन्हा त्याला धरतं. पुढच्या पाण्यात किती सुटेल, तेवढंच आम्ही बघतो.

"म्हंजे आमचंच खत हितं येऊन बसलंय?" आबांनी विचारलं.

"हो जी. वरच्या वावरातलं."

पातं गळ्यावरून निघालं. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात तो गडी आबांकडे वळला. "ऐकलं का? वरचं रान माजं. खत माजं, म्हंजे गाळ बी माजा. काढा तुमची ट्रॉली."

"तुज्या बापानं खांदलं व्हय रं तळं?"

आबांच्या पोरांनी दगड उचलले. एकाचा ओठ फाटला, एकाचं कपाळ फुटलं. मी मधेच पडलेलो. गड्याने आबांवर फावडं उगारलं, आबा मागे सरले, आणि ते थेट माझ्या डोक्यावर आलं. चाचांनी डावा हात आडवा घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

आमच्याकडे मग कुणी बघितलंच नाही. चाचांनी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं. गिअर मी टाकले, ते दात आवळून सांगतील तसे.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पंजात जोर येईलच असं नाही. चाचा प्लास्टरमधल्या गिअरच्या हाताकडे बघत राहिले. घरून डबा घेऊन आलेल्या चाचींनी भाकरी मोडून त्यांना घास भरवला. मग माझ्याकडे न बघता दुसरा तुकडा माझ्यापुढे धरला. तो मी घेतला. चावत राहिलो.