खाऱ्या विहिरींच्या गावी

आम्ही कोल्हापूर सोडलं ती सकाळ भांडणानं सुरू झाली.

दिवाळी नुकतीच सरली होती. आंध्रच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ होऊन समुद्र गावांत शिरल्याची बातमी पेपरात आली आणि राजारामपुरीतल्या आमच्या शाळेनं मदत गोळा करायचं ठरवलं. मी भूगोलाचा मास्तर. वर्गात नकाशावर छडी टेकवून ती जागा मीच दाखवली होती, म्हणून की काय, तिथं जायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. आठवडाभर दारोदार फिरून कपडे जमवले. साड्या, शर्ट, स्वेटर. बायकांनी भाकऱ्या थापून, वाळवून दिल्या. गाठोडी ट्रकच्या फळीच्या वर आली, तशी माझी छाती फुगली.

एवढ्यात कसबा बावड्याचे केरबातात्या बैलगाडीतून शेताला पाणी द्यायचं डिझेल इंजन घेऊन दारात आले. त्यांची पुतणी आमच्या शाळेत होती, तेवढीच ओळख.

"तात्या, हे कशाला?"

"कापडं लई झाली की, मास्तर. दर्या गावात शिरला म्हंजे इहिरीतबी शिरला आसंल. लोकं प्यायची काय?"

"पण इंजन चढवायचं तर निम्मी गाठोडी उतरवावी लागतील."

"मग उतरवा की!"

मी बराच वाद घातला. शेवटी ट्रक चालवणाऱ्या दस्तगीरनं फळ्या लावल्या, चार माणसं बोलावली आणि इंजन वर चढलं. उतरवलेली गाठोडी शाळेच्या व्हरांड्यात राहिली. तात्या माझ्या शेजारी येऊन बसले. "आठ दिसांत माघारी यायचं हां," ते म्हणाले. "नवी लावण हाय उसाची. पाण्याची पाळी चुकली तर उगवण जाईल."

पेठ वडगावच्या बाजारात व्यापाऱ्यांनी गुळाच्या ढेपा दिल्या. मिरज, सोलापूर, मग हैदराबाद. केबिनमध्ये तिघं जण गुडघे दुमडून बसलो होतो. उमरग्याच्या पुढं टायर फुटला. इंजनाच्या वजनानं जॅक मातीत रुतत राहिला आणि निम्मा दिवस तिथंच गेला. हैदराबाद ओलांडलं तेव्हा मागून आंबूस वास यायला लागला. गाडी थांबवून पाहिलं तर भाकऱ्यांना बुरशी चढलेली. ज्या हातांनी त्या थापल्या होत्या ते डोळ्यांपुढं आले. पण ओढ्याकाठी टाकून देण्यावाचून इलाज नव्हता.

विजयवाडा मागं पडल्यावर झाडं बदलली. आधी वाकलेली दिसली, मग मोडलेली, मग नुसते बुंधे. भाताची शेतं करड्या चिखलाखाली गेली होती. रस्त्याच्या दोन्ही कडेला रंगीत ढीग दिसत होते. जवळ गेल्यावर कळलं, ते कपडे होते. आमच्याआधी आलेल्या गाड्यांनी ओतलेले. चिखलात भिजून कुजत पडले होते.

मदत केंद्रानं ज्या गावात आम्हाला पाठवलं तिथं सुब्बय्या नावाचे एक निवृत्त शिपाई भेटले. फौजेत हिंदी शिकलेले. त्यांचं घर गेलं होतं, थोरला भाऊ गेला होता. आमची गाठोडी बघून ते हात जोडून म्हणाले, "कपडा बहुत आया, मास्टरजी. घडा नहीं आया. पीने का पानी नहीं है."

मला त्यांच्याकडे बघवेना. तात्यांना हिंदी जेमतेम कळत होतं, पण 'पानी' कळलं. ते खाली उडी मारून फळ्या सोडायला लागले होते.

गावात तीन विहिरी. पहिल्या विहिरीतून दोन मेलेल्या शेळ्या काढल्या. मग इंजन सुरू झालं. त्याचा तो 'ठक ठक' आवाज ऐकून पडक्या भिंतींमागून माणसं बाहेर आली. सगळी विहिरीभोवती येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत विहिरीचा तळ दिसला. दुसऱ्या दिवशी पाझरून आलेलं पाणी एका म्हातारीनं ओंजळीत घेतलं. गावातले सगळे तिला अम्मा म्हणत. तिनं चूळ भरली आणि थुंकली.

"उप्पु." (मीठ)

तात्यांना तो शब्द ओळखीचा निघाला. "कानडीतबी उप्पुच म्हंत्यात की," ते म्हणाले आणि पुन्हा हँडल मारलं. दिवसभर उपसा झाला. तिसऱ्या सकाळी अम्मानं परत चव घेतली. पाणी आदल्या दिवशीपेक्षाही खारट. तात्यांनी काठावरून वाकून आत पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं आपलं. सगळी उपसून काढली, तवा खालचं खारं पाणी आत वढलं गेलं. वरचं थोडं थोडं काढाय पायजे. दम धरून."

दम धरणं मला जमत नव्हतं. मी बादल्यांनी गाळ ओढत होतो. तळहात सोलवटले होते, कंबर वाकत नव्हती आणि जिभेवर सतत मीठ. जेवण म्हणजे भात आणि आमचाच गूळ. खरं सांगायचं तर दुःख बघून मन भरून येणं दोन दिवसांत संपलं. नंतर उरला तो नुसता थकवा. चौथ्या दिवशी मी तात्यांना म्हणालो, "चला आता. आपण केलं तेवढं पुष्कळ झालं."

"कुनाला पुष्कळ झालं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं.

त्याच दुपारी दुसऱ्या विहिरीत पाइपाचं तोंड तुंबलं. तात्या दोर धरून खाली उतरले आणि वर आले ते हातात लाल लोकरीचा स्वेटर घेऊन. जाळीला गच्च अडकला होता. आमच्या गाठोड्यातला नव्हता, पण असायला काहीच हरकत नव्हती. मी तो हातात घेतला. कुणीतरी गळ्याशी नीट रफू केलं होतं.

सहाव्या सकाळी अम्मानं पहिल्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकली नाही. गिळलं. मग दुसरी ओंजळ घेतली. "मंचि नीळ्ळु," (चांगलं पाणी) ती म्हणाली आणि काठावर बसून पदरात तोंड घालून रडायला लागली. सुब्बय्या पाठ वळवून उभे राहिले.

आता परत निघायलाच हवं होतं. दस्तगीरला मालकाची गाडी परत द्यायची होती, माझी रजा संपली होती. तात्या इंजनाजवळून हलले नाहीत.

"दोन इहिरी राहिल्यात न्हवं. तुमी जावा. घरात सांगा."

"आणि तुमची लावण?"

ते चिंधी घेऊन इंजन पुसत राहिले. लावण गेली तर चालेल की नाही, ते त्यांनाच माहीत नसावं.

कोल्हापुरात उतरल्यावर मी घरी न जाता सरळ कसबा बावड्याला गेलो. तात्यांची बायको, हिराकाकू, गोठ्यात शेण काढत होत्या. मी सगळं सांगितलं.

"इंजनबी तितंच आन् मानूसबी तितंच?" त्यांचा आवाज चढला. "आन् हितं रान वाळतंय, त्ये कुनी बघायचं? त्या लोकांस्नी आमी काय लागतो?"

मग त्यांनी हात धुतले, मला पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "इहीर ग्वाड झाली व्हय?"

"एक झाली, काकू. दोन राहिल्यात."

"मग दोन झाल्याबिगार त्ये येत न्हाय," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून शेजारच्या मळ्याकडे गेल्या. शेजाऱ्यानं आपल्या इंजनाचं पाणी एक दिवसाआड द्यायचं कबूल केलं. पण सरीसरीतून पाणी फिरवायला, म्हणजे दारं धरायला, माणूस नव्हतं. मी म्हणालो, "मी येतो."

काकूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. "बघा बाबा," म्हणाल्या.

शाळेच्या आधी सायकलवरून बावड्याला जायचं, खोरं घेऊन चिखलात उभं राहायचं. सरी भरली की बांध घालायचा, पुढची फोडायची. लोक मला तिकडच्या हकीकती विचारायचे, भाषण द्या म्हणायचे. मला बोलायचं त्राण नव्हतं. एवढंच कळलं होतं की एक माणूस दूरच्या गावी टिकून राहायचा तर त्याच्यामागं इथं कुणाला तरी त्याचं रान भिजवावं लागतं. माझ्याच्यानं होण्यासारखी मदत ती होती, आणि ती मला हजार मैल हिंडून आल्यावर सुचली.

तीन आठवड्यांनी, एका सकाळी मी गुडघाभर चिखलात असताना बांधावर तात्या दिसले. रेल्वेनं आले होते. वाळलेले, काळे पडलेले, पायांत वहाणा नाहीत. इंजन मागून येणाऱ्या गाडीत होतं. घरी जायच्या आधी ते रानात आले होते. उगवलेल्या कोंबांवरून त्यांची नजर सावकाश फिरली.

"दारं कुनी धरली?"

"मी."

"तरीच. सऱ्या वाकड्या भरल्यात."

मग ते बांधावर खाली बसले, गुडघ्यांवर हात टाकले आणि डोळे मिटून म्हणाले, "तिन्ही ग्वाड झाल्या, मास्तर."

सरी भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं होतं. मी खोरं उचलून पुढची सरी फोडली.