माझ्या वाट्याचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखलंत तरी आता काय?

वाशीमला आमचं एकत्र घर. छाया माझी धाकटी जाऊ. तिचं पोटातलं बाळ सातव्या महिन्यात गेलं आणि ती बोलेनाशीच झाली. मग एकदा माहेराहून, जऊळक्याहून, तिनं सक्युलंटचं एक जाड, रसाळ पान आणलं. मातीवर नुसतं ठेवलं, तर त्याला मुळं फुटली. वर्षभरात गच्चीवर बघावं तिकडे कान तुटलेले कप, तुपाचे डबे, बिनझाकणाचा कुकर — आणि सगळ्यांत तीच झाडं. छाया त्यांच्याशी बोलायची. हळूहळू आमच्याशीही बोलायला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झालाही, थोडे दिवस. पण सासूबाई आल्यागेल्याला गच्ची दाखवायच्या आणि वर म्हणायच्या, "मोठीच्या हातानं तं तुळसबी जगत नाही." हसत म्हणायच्या. मीही हसायचे. पण मनात — कसं सांगू? दोन लेकरं पदरात असताना मी तिच्या कुंड्यांवर जळत होते.

मे महिन्यात तिच्या आईचा पाय मोडला. माहेरी निघताना छायानं मला गच्चीवर नेलं. "ताई, माती पार वाळली तवाच घोटभर पानी द्या. जास्त झालं तं मुयं सडतात यायची." जिना उतरताना पुन्हा तेच सांगितलं. मी हो म्हटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा आला तर आला. पाणी जपून वापरावं लागतं. आणि मी माझ्या आंघोळीतली अर्धी बादली रोज गच्चीवर नेत होते. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. शेजारीण म्हणाली, जाऊ असावी तर अशी. मला ते ऐकायला आवडलं — हेही कबूल करते.

पानं आधी टपोरी झाली. मग पिवळी पडली, मग हात लावला की गळायला लागली. तेव्हा तरी थांबता आलं असतं. थांबले का मी?

छाया परतली. एकेक झाड उपटून बघितलं, तर मुळं काळी, चिकट. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "तुमी तुमच्या वाट्याचं पानी घातलं, ताई. माया जास्त झाली, दुसरं काय." तेव्हा बोलायला हवं होतं.

त्यानंतर तिनं काहीच लावलं नाही. कुकर भंगारात गेला, डब्यांत आता कपड्यांचे चिमटे असतात. ती पुन्हा कमी बोलते. एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगते. परवा नात्यातल्या एका साखरपुड्यातही सांगत होती — ऐन टंचाईत जावेनं स्वतःच्या आंघोळीचं पाणी माझ्या झाडांना घातलं म्हणून. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी खाली मान घालून पंगतीत वाढत राहिले.

चुकून झालं नाही ते. तिनं जाताना सांगितलेलं मला शब्दन् शब्द आठवत होतं. म्हणूनच रोज पाणी घातलं.