आनंदरावांचं नाक

वेल्ह्यात भैरोबाच्या भंडाऱ्याची आमटी आनंदरावांचीच, हे वीस वर्षं ठरलेलं. नैवेद्याआधी चाखायची सोय नाही, म्हणून आमटीची परीक्षा नाकानं. आनंदराव भल्या थोरल्या पातेल्यावरचं झाकण उचलत, डोळे मिटून वाफ ओढत आणि म्हणत, "मीठ बसलं." मग गाव पंगतीला बसायचं.

चौऱ्याहत्तर साली भंडारा आठ दिवसांवर असताना ते आमच्या दवाखान्यात आले. माझे यजमान डॉक्टर. दवाखाना ओटीवर आणि स्वयंपाकघर आत, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

"डाक्टर, तापातनं उठलो, पण वास न्हाई, चव न्हाई. गूळ खाल्ला तरी माती लागतीय. सारोळ्याचा सोनबा आचारी माज्या जागंवर टपलाय. त्याला कळलं तर माजा झारा गेला!"

ह्यांनी पुड्या बांधल्या. "यात जस्ताचा क्षार आहे. चव कळायला जस्त लागतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात, तिथल्या काही नाक्यांवरही जस्त सापडलंय. काय करतं ते अजून शोधताहेत."

"म्हंजे माजा निरोप वाटंत अडलाय. घाटात यष्टी बंद पडल्यागत."

"असेल. पण महिना लागेल, आणि गुण येईलच असं नाही."

"महिना? मग घरात जस्ताची बादली हाय, तिच्यात रातभर ताक ठिवून पिऊ का? लवकर लागू पडंल."

"खबरदार! पोटातलं सगळं बाहेर येईल."

भंडाऱ्याच्या दिवशी मी कोथिंबीर निवडायला चुलाणापाशीच होते. आनंदरावांनी झाकण उचललं, वाफ ओढली, आणि डोळे मिटले ते उघडेचनात. शेवटी बायकोच्या कानाशी लागले, "फुले, मला कायबी कळंना. वासच येत न्हाई."

फुलाबाई लाकडं सारत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "मंग?"

"मंग काय? मिठाचं कसं?"

"मीठ म्या कवाच घातलं. पायलीभर डाळीला तीन मुठी. दरसालाला घालते, तुमी नाक खुपसायच्या आधी."

आनंदरावांच्या हातातलं झाकण खणकन पडलं. "मग मी वीस वर्सं काय करत हुतो?"

"वास घेत हुता की. त्याबिगर लोकांना जेवायचा धीर न्हाई हुत. म्हणा आता, खोळंबलीत सारी."

आनंदरावांनी घसा खाकरला. "मीठ बसलं!" आवाज जरा चिरकला, पण पंगत बसली. खुद्द सोनबा तीनदा आमटी मागून घेताना मी पाहिला.

महिन्याभरानं आनंदराव ऐन जेवणाच्या वेळी धापा टाकत आले. "डाक्टर, गूळ ग्वाड लागला!"

"जस्तानं की आपोआप, हे काही मला सांगता यायचं नाही," हे म्हणाले. "बसा, दोन घास खा."

मी पान वाढलं. त्यांनी आमटीची वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, एक घोट घेतला आणि लहान मुलासारखे खुलले.

"वैनी, मीठ लई झालंय!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला आमच्या नऊ वर्षं झाली होती. हे खाली मान घालून भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी फुलाबाईंकडे गेले आणि त्यांची मूठ केवढी ते बघून आले.