पूजेत ठेवलेलं लायसन्स

खंडेनवमीला आमच्या बेंबळीच्या घरी कोयता, टिकाव, पाने, पकडी सगळं धुऊन पूजेला मांडतात. यंदा अक्कानं त्यांच्या शेजारी स्वतःचं लायसन्स ठेवलं. माझी ही थोरली बहीण विमानं तपासणारी इंजिनिअर. तिची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. कामावरचा साधा पानाही घरी आणता येत नाही, म्हणून हत्यार म्हणून लायसन्स.

त्याआधी तिनं एक विमान अडवलं होतं. चाकांच्या खांबाला तडा होता. मग त्याच बनावटीच्या दुसऱ्या विमानालाही त्याच जागी तडा निघाला. तिनं थेट सरकारी तपासनिसांकडं तक्रार केली: ही झीज नाही, घडणीतच खोट आहे. तिच्या कंपनीला तडा झोंबला नाही, तक्रार झोंबली.

मी कळंबच्या एसटी स्टँडवर अन्यायाविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस. माझी छाती फुगली होती. आमच्या वडिलांचं, आप्पांचं मात्र उलटंच. "समदे करत्यात तशी सही करायची. तू काय एकलीच शहाणी?"

पूजा चालू असतानाच तिच्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. अक्काची बोटं कुंकवाची, तिनं स्पीकर लावला.

"तक्रार मागं घ्या मॅडम. नाहीतर सुट्टी संपल्यावर येऊच नका."

"साहेब, त्या विमानात तुमच्या घरच्यांना बसवाल का?"

"घरच्यांना मध्ये आणू नका."

"मग मीबी मागं घेत न्हाय."

फोन ठेवून तिनं लायसन्सला कुंकू लावलं.

आप्पा उठून अंगणात गेले. उसाच्या ट्रॉलीला झेंडूचा हार होता. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन कधीच मोडलेली. तिच्या जागी सळई, वर तारेचे वेढे. दरवर्षी त्या तारेलाच कुंकू लावून आप्पा ढोकीच्या कारखान्याला ऊस न्यायचे.

"पक्कड आण."

"आप्पा, पूजेतलं हत्यार आज उचलत न्हाईत."

"गप रं पत्रकवाल्या! आण म्हणतो ना."

त्यांनी तार तोडली. नवी पिन येईस्तोवर ट्रॉली हलली नाही.

अक्काची नोकरी गेली. तडा दाखवणारी बाहेर, झाकायला सांगणारा खुर्चीत! पण ती दोन्ही विमानं अजून जमिनीवर आहेत, आणि लायसन्स अक्काकडंच आहे.

गाळप सुरू झालं. ढोकीच्या रांगेत पुढच्या ट्रॉलीची तार दिसली, तसं आप्पांनी त्या ड्रायव्हरला खाली उतरवलं.

"तुम्ही कोण आडवणार, काका?"

"माझ्या पोरीनं विमान आडवलंय," आप्पा म्हणाले. "तुझी ट्रॉली कोण लागून गेली?"